पाय मोजलेस का?

ये. चपला बाहेर काढ. बसू नकोस, आधी उभा राहा. शाळेत गृहपाठ विसरलास की याच चेहऱ्याने दाराशी उभा राहायचास. चाळिशीला आलास तरी चेहरा बदलला नाही आणि सवयही. चहा मिळेल, पण नंतर. आधी जे ऐकवायचं आहे ते ऐकवतो.

परवा रात्री पावणेदहाला तुझा फोटो आला. ‘सर, अर्जंट. मक्यात हा किडा सापडला. कोणता आहे? विषारी आहे का?’ मी चष्मा लावला, मोबाईल दिव्याखाली धरला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं. काय दिसलं सांगू? चपलेच्या तळाची नक्षी, ओली माती, एक पिवळा डाग आणि त्या डागात चिंधीसारखं काळपट काहीतरी. अरे, याला किड्याचा फोटो म्हणतात की पंचनाम्याचा? मयताकडे बोट दाखवून ‘हा माणूस स्वभावाने कसा होता हो?’ असं कुणी विचारतं का?

तरी मी उत्तर लिहायला घेतलं. म्हटलं, पोरगा निदान विचारतोय तरी. दोन ओळी लिहून होतायत तोवर गावच्या ग्रुपवर तुझाच दुसरा निरोप येऊन पडला. ‘सावधान! आपल्या शिवारात घोणस अळी आली आहे. अंगाला लागली तर माणूस दगावतो. कुणीही मक्यात जाऊ नये. सर्वांना पाठवा.’ खाली तोच चपलेचा फोटो. दोन निरोपांत अंतर किती, तर चार मिनिटं! प्रश्न मला विचारलास आणि उत्तर गावाला देऊन मोकळा झालास. मग मला विचारलंस कशाला? शिक्का मारायला?

त्याचं पुढे काय झालं तेही ऐक. काल सकाळी तुझ्याच नव्हे, शेजारच्या दोन वस्त्यांवरही खुरपायला बायका आल्या नाहीत. पाटाकडेच्या बांधावर रोज वैरण कापणाऱ्या म्हातारीने काल गुरांना वाळलेला कडबा घातला, कारण नातवाने मोबाईल दाखवून तिला भिववलं. एका शहाण्याने तर रात्रीतच पंप पाठीवर घेतला. काय फवारलंस विचारलं तर म्हणतो, ‘दुकानदारानं जे दिलं ते.’ कशावर फवारलंस, तर ‘त्या किड्यावर.’ किडा बघितलास का? ‘नाही, ग्रुपवर बघितला.’ साप साप म्हणून भुई धोपटणं ही म्हण तुला पाठ होती. आठवीत वाक्यात उपयोगही बरोबर केला होतास. काल मात्र अख्ख्या शिवारात उपयोग करून दाखवलास.

खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. किड्याला भ्यालास म्हणून मी चिडलेलो नाही. अनोळखी वस्तूला जरा भ्यावंच, त्याने माणूस जपून राहतो. पण भीती वाटली की पाय मागे घ्यायचा असतो आणि डोळे पुढे करायचे असतात. तू उलटं केलंस. पाय पुढे टाकलास आणि डोळे मिटलेस.

आता तुझ्या त्या घोणस अळीबद्दल. 2022 च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या आष्टी भागातून बातम्या यायला लागल्या. उसात, गवतात काम करताना अळीचा स्पर्श झाला, असह्य आग झाली, माणसं दवाखान्यात नेली. तेवढं खरं होतं. मग त्या खऱ्याला मोबाईलने शेपूट लावलं. ‘सापापेक्षा विषारी’, ‘हात लावताच खेळ खलास’. उसाचा पाला काढायला गडी मिळेना. शेवटी कृषी विभागाला आणि विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, की बाबांनो, ही लिमॅकोडिडी कुळातल्या पतंगाची अळी आहे, तिच्या अंगावर काटे आहेत, त्या काट्यांत दाह करणारं द्रव्य आहे, आणि ते तिच्या स्वतःच्या रक्षणासाठी आहे. ती तुमच्या मागे धावत नाही. तिच्यावर हात पडला, तर काटे टोचतात. बहुतेकांची आग काही तासांत, फार तर एखाद दिवसात उतरते. टोचलेल्या जागी चिकटपट्टी लावून ओढायची म्हणजे काटे निघून येतात, मग जागा धुवायची, बर्फ लावायचा, खाण्याच्या सोड्याचा लेप द्यायचा. ज्याला अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, त्याला मात्र थेट दवाखान्यात न्यायचं, घरगुती उपाय करत बसायचं नाही. झालं. एवढ्या पाच वाक्यांत मावणारी गोष्ट होती. तुझ्या निरोपात यातलं एक तरी वाक्य होतं का?

आणि ती अळी दिसते कशी, हे माहीत होतं का तुला? पोट पानाला चिकटलेलं असतं, ती गोगलगायीसारखी सरकत जाते. तिचे पाय इतके आखूड असतात, की वरून बघणाऱ्याला दिसतच नाहीत. हे नीट ऐक. पाय दिसत नाहीत. आता तुझाच तो फोटो उघड. मोठा कर. आणखी. त्या पिवळ्या डागाच्या डाव्या अंगाला बघ. काय आहे?

‘काडी.’ काडी नाही ती. नीट बघ. एका बाजूला तीन आहेत. बारीक, काळ्या, मध्ये गुडघ्यात वाकलेल्या. पाय आहेत ते, बाबा. चपलेखाली सगळं गेलं, पण देवाने तुझ्यावर दया करून तेवढे तीन पाय शाबूत ठेवले होते. ते बघितले असतेस तर ‘घोणस अळी’ हा शब्द तुझ्या बोटातून उतरला नसता. जिचे पाय दिसत नाहीत तिच्या नावाने तू पायवालीला फाशी दिलीस!

सातवीत मी विचारलं होतं, कीटकाला पाय किती? सगळ्यांत आधी हात तुझा वर. ‘सहा, सर!’ गुण मिळाले. पण त्यानंतर तीस वर्षांत एकदा तरी मोजलेस का? मृगाचा किडा लहानपणी काडेपेटीत भरून आणायचास. लाल मखमलीचा, पहिल्या पावसानंतर मातीवर चालणारा. त्याचे पाय किती? सांग की. आठ. मोठा झालेला मृगाचा किडा आठ पायांचा असतो. नावात किडा असला तरी तो कीटक नाही, कोळ्याच्या आणि गोचिडाच्या भावकीतला आहे. काडेपेटीभर किडे जमवलेस आणि एकाचेही पाय मोजले नाहीस.

मोजायला येत नाही असं तर नाहीच. सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड घ्यायला जातोस तेव्हा काय करतोस? व्यापाऱ्याने ‘अदत आहे’ म्हटलं की विश्वास ठेवतोस? जबडा उघडतोस, ओठ वर करतोस, दात मोजतोस. दोनदाती की चारदाती, एवढं बघून होईपर्यंत पैशाचं नाव काढत नाहीस. मग शेपूट, खूर, शिंगं, चाल. अर्धा तास लावतोस. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला येते. एवढ्या गर्दीत तुझ्या आत्याची दिंडी तू कशी शोधतोस? सगळे पांढऱ्या टोप्यांचे, सगळ्यांच्या हातात टाळ, म्हणून वाटेल त्या राहुटीत शिरतोस का? रथापुढची की रथामागची ते विचारतोस, मग नंबर विचारतोस, आणि बरोबर आत्याच्या ताटावर जाऊन बसतोस. तीच अक्कल मक्यात कुठे जाते? काटे दिसले की घोणस, काळी दिसली की विषारी, एवढ्यावर तुझी ओळख संपली.

जगात आजवर ज्यांना शास्त्रज्ञांनी नाव दिलं आहे असे कीटक दहा लाखांच्या घरात आहेत. त्यातले चार लाखांच्या आसपास नुसते भुंगेरे. त्यांची नावं मला येत नाहीत, तुला यायची गरज नाही. पण पाय, पंख, तोंड आणि कुठल्या पानावर बसून काय चाललंय, एवढं बघितलं तर दहा लाखांतून माणूस बऱ्याच जवळ पोचतो. नाव शेवटी येतं. आणि पुष्कळदा नाव कळायच्या आधीच, काय करायचं आणि काय नाही, ते कळून चुकतं.

तू म्हणशील, सर, एका किड्याचं एवढं काय? एका किड्याचंच सांगतो. 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिमोग्याकडे मक्यावर एक अळी सापडली. मूळची अमेरिका खंडातली. 2016 मध्ये ती आफ्रिकेत उतरली होती आणि तिथल्या मक्याची तिने दैना केली होती. त्याच पावसाळ्याच्या सरतीला ती महाराष्ट्रात आढळली, आणि कुठे माहीत आहे? आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, तांदूळवाडीच्या मक्यात. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर कापू शकतो. त्याला तालुक्याची शीव कळत नाही.

तेव्हा मका उत्पादकांची पहिली चूक कोणती झाली? ‘ही तर आपली जुनीच लष्करी अळी’ असं म्हणून त्यांनी तिला ओळखीच्या रांगेत बसवलं. अळीसारखी अळी, हिरवट-करडी, पानं खाते. कोण कशाला उचलून बघतंय? पण उचलून बघितलं असतं तर दोन खुणा ठळक होत्या. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीकडून दुसऱ्या कप्प्यावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. जणू चार माणसं पत्त्यांना बसली आहेत. या दोन खुणा ज्याने बघितल्या त्याला पुढचंही कळलं, की ही पोंग्यात शिरून बसते, वर तिच्या विष्ठेचा लाकडी भुश्यासारखा थर साचतो, त्यामुळे पानांवर वरवर मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. फवारा पोंग्यात जायला हवा, आणि अळी लहान असतानाच जायला हवा. ज्याने बघितलं नाही, त्याने तीन-तीन फवारण्या केल्या आणि कपाळाला हात लावला. अमेरिकेतून आलेल्या पाहुणीला तेव्हा घरची समजलो. आणि परवा तू घरच्या बाईला दरोडेखोर समजलास. चुका दोन, पण मूळ एकच. बघितलं नाही.

घरची बाई म्हणजे कोण, ते आता दाखवतो. कपाटावरची ती बरणी घे. लोणच्याची होती, धुऊन घेतली आहे. झाकणाला भोकं पाडली आहेत, सांडू नकोस. काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी तुझ्या मक्यात जाऊन आलो. तू घरी नव्हतास. ग्रुपवर असशील. अर्धा तास ओळीतून फिरलो, आणि ही सापडली. एक नाही, पाच-सहा दिसल्या, मी एकच आणली. बरोबर मक्याचं पानही कापून आणलंय. भिंग घे. आता बस, बसल्याशिवाय दिसायचं नाही.

बोल, काय दिसतं? काळपट, लांबट, नखाएवढी. पाठीवर बारीक काट्यांच्या रांगा, मधूनमधून नारिंगी ठिपके. मागे निमुळती. एखाद्या इटुकल्या मगरीसारखी. भीती वाटेल अशीच आहे, कबूल. आता पाय मोज. घाई नको. एका बाजूचे किती? तीन. दुसऱ्या? तीन. सगळे कुठे आहेत? पुढच्या अर्ध्या भागात. मागच्या बाजूला मांसल, गुबगुबीत पायांच्या जोड्या दिसतात का? नाहीत. पतंगांच्या बहुतेक अळ्यांना त्या असतात, तांदूळवाडीच्या अळीलाही होत्या. म्हणजे ही पतंगाची पोर नाही. आणि ही सरकते की चालते? चालते. चांगली भराभर चालते, शोधत असल्यासारखी.

कशाला शोधतेय, बघ. पानाच्या बेचक्यात ते हिरवे-निळसर ठिपके आहेत, काय आहे ते? मावा. बरोबर, हे तुला येतं, कारण मावा तुझ्या खिशाला चावतो. आता बोलू नकोस, नुसतं बघ. ती पोचली. पुढच्या पायांनी धरला. बघितलंस? मावा पाय झाडतोय आणि ही शांतपणे खातेय. आता पुढचा. हे तिचं दिवसभर चालतं. मोठी होईपर्यंत एकेक अळी शेकड्यांनी मावा संपवते. मग पानालाच चिकटून कोष करते, तोही तुम्ही रोग समजून नखाने खरवडता. त्या कोषातून काय निघतं माहीत आहे? ढालकिडा. लाल-नारिंगी, गोल, पाठीवर काळी नक्षी. लेडीबर्ड बीटल म्हणून तुझ्या पोरीच्या इंग्रजी पुस्तकात ज्याचं गोड चित्र आहे, तोच. चित्रातला चालतो, ‘किती छान’ म्हणता. त्याचंच लेकरू शेतात दिसलं की चप्पल.

आणि तो पिवळा डाग? ‘चिरडल्यावर पिवळं विष निघालं’ असंही ग्रुपवर लिहिलं होतंस. विष नाही ते. तिच्या अंगातलं रक्त म्हण. कडू असतं. कुणी पकडलं की ती आणि तिची आई, दोघीही ते थेंब बाहेर सोडतात, म्हणजे मुंगी, पाखरू तोंड वाकडं करून सोडून देतं. माणसाला त्याने काही होत नाही. बिचारीने मरताना ‘मी कडू आहे, मला खाऊ नका’ एवढंच सांगितलं, आणि तू त्याचा पुरावा केलास. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आणि हा संन्यासी फुकटात तुझी राखण करत होता.

आता त्या पंपवाल्याला जाऊन विचार, रात्री मारलेल्या औषधाने कोण मेलं. मावाही मेला, हीही मेली. पण माव्याची मादी नराशिवायही पोरं घालते, तीही अंडी नाहीत, थेट जिवंत पिल्लं. आठवड्या-दीड आठवड्यात पिल्लाची आई होते. म्हणजे पंधरा दिवसांत मावा पुन्हा उभा. हिला मात्र अंडं, अळी, कोष, किडा, एवढा फेरा करून यायला वेळ लागतो. तोवर मावा एकटाच राज्य करणार, पानावर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी, आणि दुकानदाराकडे तुझी दुसरी उधारी.

हे मी शाळामास्तराच्या कौतुकाने सांगत नाही, याच्यावर मोठमोठ्या बागा वाचल्या आहेत. कॅलिफोर्नियात संत्र्यामोसंब्यांच्या बागा एका पांढऱ्या खवलेकिडीने बसवल्या होत्या. 1888 मध्ये एक माणूस ऑस्ट्रेलियात गेला, त्या किडीला खाणारा ढालकिडा त्याने शोधला आणि तो तिकडे पाठवला. एक-दोन वर्षांत बागा सावरल्या. आपल्याकडे 1898 मध्येच क्रिप्टोलिमस नावाचा ऑस्ट्रेलियाचाच ढालकिडा आणला गेला. आज द्राक्षवाले, डाळिंबवाले पिठ्या ढेकणासाठी तो पैसे मोजून विकत घेतात. आणि गंमत ऐक, त्याची अळी दिसते हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी. तशीच पांढरी, तशाच मेणाच्या झिरमिळ्या. ज्याने बघितलं नाही तो सकाळी विकत आणलेली राखण बागेत सोडतो आणि आठ दिवसांनी तिच्यावरच फवारा मारतो.

थांब. मोबाईल खिशात ठेव. मला माहीत आहे तू काय करणार. आता ग्रुपवर टाकणार, ‘सर्व ढालकिडे मित्र, कुणीही मारू नये.’ तेही चूक आहे! परसातल्या वांग्याच्या पानाखाली बघ. तिथेही ढालकिडा सापडेल, तांबूस, अंगावर बारीक लव, चकाकी नाही, पाठीवर पुष्कळ ठिपके. त्याची अळी पिवळी, फांद्याफांद्यांच्या काट्यांची. तो मावा खात नाही, वांग्याचं पान खरवडून त्याची जाळी करतो. भावकी एक, धंदा वेगळा. एका घरात एक भाऊ पोलीस आणि दुसरा हातभट्टीवाला असू शकतो. म्हणून आडनाव विचारून भागत नाही, हातात काय आहे ते बघावं लागतं.

अशी फसगत तुझी एकट्याची होते असं नाही. 2020 च्या मे महिन्यात टोळधाड विदर्भात उतरली, अमरावती-वर्ध्याकडे. बातमी खरी होती. पण त्याच दिवसांत तिकडे तमिळनाडूत, कृष्णगिरीच्या बाजूला, रुईच्या झुडपांवर रंगीत नाकतोडे दिसले आणि लोकांनी टोळधाड आली म्हणून हाकाटी केली. अधिकारी गेले, बघितलं, तर रुईवरचा नाकतोडा. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा. आपल्या माळावरही असतो, रुई सोडून पिकाला सहसा तोंड लावत नाही. टोळ असा नटलेला कधी असतो का? पण बातमी डोक्यात शिरली की डोळे तिचीच चाकरी करतात. तू घोणस अळीची बातमी डोक्यात घेऊनच मक्यात शिरला होतास. मग तिथे दुसरं काय दिसणार?

आणि चिरडण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, मग तुझी सुटका. पावसाळ्यात दिव्यावर एक लांबट किडा येतो, मुंगीएवढा, नारिंगी आणि काळा. तो चावत नाही, डंख मारत नाही. पण मानेवर बसला आणि तू थापट मारून चिरडलास तर त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. फुंकर मारली असतीस तर उडून गेला असता. म्हणजे शहाणपण म्हणून नको, दयामाया म्हणून नको, निदान स्वतःच्या मानेसाठी तरी आधी बघ आणि मग हात उचल.

आता पुढच्या वेळी काय करायचं, ते सांगतो. लिहून घे. पेन नसेल तर बरणीशेजारी आहे. अनोळखी किडा दिसला की हात लावायचा नाही आणि मारायचाही नाही. पाच मिनिटं उभं राहायचं. तो खातोय काय, पान, मावा, माती, शेण, की काहीच नाही? एक आहे की शंभर? मग फोटो. एक वरून, एक कडेने पाय दिसतील असा, एक तोंडाकडून, आणि एक अख्ख्या झाडाचा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवायचं म्हणजे आकार कळतो. पीक कोणतं, किती दिवसांचं, कुठल्या भागावर, सकाळी की रात्री, हे खाली लिहायचं. शक्य असेल तर काडीने बरणीत ढकलून, झाकणाला भोकं पाडून, त्याच झाडाचं पान घालून जिवंत आणायचा. मग मला दाखव, कृषी सहायकाला दाखव, माळशिरसच्या तालुका कृषी कार्यालयात ने, मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्राला पाठव, किंवा किसान कॉल सेंटरच्या 1800 180 1551 वर विचार. तिथे बसलेला माणूस पहिला प्रश्न हाच करणार, कुठल्या पिकावर आणि काय करत होता? याचं उत्तर तुझ्यापाशी नसेल तर राहुरीचं अख्खं विद्यापीठ उभं केलं तरी ते काय सांगणार?

मोबाईललाच विचारलं होतं म्हणतोस? विचार ना. पण चपलेचा फोटो दाखवलास तर तो चपलेचीच किंमत सांगेल.

अजून एक. हे तुला उभं करून सांगायचं नाही, म्हणून आता सांगतो. तुझ्या वर्गाला मी कीटक शिकवला तो फळ्यावर. खडूने एक अंडाकृती काढली, तिला तीन भाग पाडले, सहा रेघा ओढल्या आणि ‘लिहून घ्या’ म्हटलं. शाळेच्या कुंपणापलीकडे तेव्हाही मका होता. पन्नास पोरांची रांग करून पाच मिनिटांत पोचलो असतो. नेलं नाही. अभ्यासक्रम संपवायचा होता. तू सहा हा आकडा पाठ केलास, कारण मी तुला आकडाच दिला होता. तेवढा दोष माझा. म्हणून काल या गुडघ्यांनिशी तुझ्या मक्यात गेलो. बाकीचा सगळा तुझा.

आता उठ. ग्रुपवर आधी लिही. ‘परवा मी टाकलेला निरोप चुकीचा होता. ती घोणस अळी नव्हती, ढालकिड्याची अळी होती, मावा खाणारी. मी न बघता लिहिलं.’ शेवटचं वाक्य गाळू नकोस. आणि खुरपणाऱ्या बायकांच्या घरी तू स्वतः जा, त्यांच्याकडे मोबाईल नाहीत. त्या म्हातारीकडेही जा. तिला बरणी दाखव, ती तुझ्यापेक्षा लवकर पाय मोजेल.

चहा येतोय. तोवर बरणीचं झाकण उघड. हात पुढे कर. पान हळूच कलतं कर, येऊ दे तिला तळव्यावर. मागे का घेतोस? अरे, आत्ताच भिंगातून बघितलंस ना? फार तर किंचित टोचेल, मुंगीएवढंही नाही. हं. आता हलू नकोस. चालतेय बघ.

मोठ्याने मोज.